लाटेपर्यंतची वाट

आईबाबांनो, घरात सुट्टीचा विषय निघाला की तुमच्यापैकी बरेच जण एकमेकांकडे बघता आणि गप्प होता. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "नको, त्याला त्रास होईल." लहान मुलांच्या फिजिओथेरपीचं काम करताना हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलं आहे, की आज तुमच्याशी त्याबद्दलच बोलायचं आहे.

त्रास नेमका कशाचा होतो, हे एकदा नीट बघूया. हॉटेलच्या दारातल्या तीन पायऱ्यांचा होतो. बाथरूमच्या अरुंद दाराचा होतो. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं वाळूत रुततात, त्याचा होतो. घोषणांच्या गदारोळात तासभर रांगेत उभं राहण्याचा होतो. समुद्राचा त्रास फारच थोड्या मुलांना होतो. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल पाण्यात तरंगतं तेव्हा त्याच्या अंगाचा भार पाणी पेलतं, आणि जमिनीवर न जमणारी एखादी हालचाल त्याला तिथे सहज जमून जाते. ऑटिझम असलेल्या कित्येक मुलांना लाटांचं पुन्हा पुन्हा तसंच येणं मनापासून आवडतं. ज्या मुलांना दिसत नाही, त्यांना तर समुद्र आवाजाने, वाऱ्याने आणि पायाखालून सरकणाऱ्या वाळूने कळतो.

म्हणून जागा निवडताना माझं एकच सांगणं असतं. आपल्या लेकराला कुठवर ओढत नेता येईल, याचा हिशेब मांडत बसू नका. कोणत्या किनाऱ्याने त्याच्यासाठी आधीच वाट करून ठेवली आहे, ते शोधा. असा एक देश मला चांगला ठाऊक आहे, तो म्हणजे पोर्तुगाल. गोव्यामुळे त्याचं नाव आपल्या कानांवरून गेलेलं असतं. लिस्बनमध्ये गोव्याहून गेलेली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यामुळे शोधलं तर ओळखीच्या चवीचा मासा आणि भातही मिळतो. पण मी या देशाचं नाव घेते ते तिथल्या किनाऱ्यांसाठी.

पोर्तुगालमध्ये 'प्राया असेसिव्हेल' नावाची एक सरकारी योजना 2004 च्या सुमाराला सुरू झाली. 'सगळ्यांसाठी किनारा' हे तिचं म्हणणं, आणि आज दोनशेहून अधिक किनारे तिच्यात आहेत. यादीत येण्यासाठी किनाऱ्याला काही गोष्टी पुऱ्या कराव्याच लागतात. रस्त्यापासून वाळूपर्यंत पायरी नसलेली वाट हवी. अपंगांच्या गाडीसाठी राखीव जागा हवी. वाळूवर पाण्याच्या दिशेने जाणारा लाकडी किंवा तसलाच टणक मार्ग हवा. व्हीलचेअर आत वळेल असं स्वच्छतागृह, प्रथमोपचार आणि जीवरक्षक हवेत. अशा किनाऱ्यावर योजनेचा वेगळा झेंडा लावलेला असतो. बऱ्याच ठिकाणी याशिवाय पाण्यात जाणारी खुर्चीही असते. तिला फुगीर, रुंद चाकं आणि तरंगणारे हात असतात. मदतनीस ती वाळूवरून ढकलत थेट पाण्यात नेतात आणि मूल बसल्या जागी तरंगू लागतं. तिथे तिला 'तिरालो' म्हणतात. हा शब्द लिहून ठेवा, किनाऱ्यावर विचारताना उपयोगी पडतो.

आता यातल्या अटीही ऐका, कारण अनेक कुटुंबांचा विरस इथेच होतो. ही सगळी सोय पोहण्याच्या हंगामापुरती असते. तो हंगाम बहुतेक ठिकाणी जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबरमध्ये संपतो. त्याच्या आधी किंवा नंतर गेलात, तर ऊन असतं, आकाश निळंभोर असतं, पण जीवरक्षक नसतात आणि खुर्ची कुठल्यातरी गोदामात बंद असते. म्हणजे दिवाळीची सुट्टी बाद, आणि एप्रिल-मेसुद्धा जवळजवळ बाद. सप्टेंबर खरं तर सर्वांत उत्तम, पाणी तेव्हा ऊबदार असतं आणि गर्दी ओसरलेली असते. पण आपल्याकडे तेव्हा गणपती असतात, पाठोपाठ सहामाही परीक्षा. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, हे धरलं तर आपल्या हाती उरतो जूनचा पहिला पंधरवडा. त्यातही 12 जूनची रात्र लिस्बनच्या जुन्या वस्तीत काढू नका. त्या रात्री सेंट अँथनीचा उत्सव असतो. गल्लोगल्ली सार्डिन मासे भाजतात, धूर, गाणी आणि माणसांची दाटी पहाटेपर्यंत चालते. ज्या मुलाला आवाज सोसत नाही, त्याच्यासाठी ती रात्र फार कठीण जाईल.

दुसरी अट पाण्याच्या थंडाव्याची. कोकणात पाय बुडवला की पाणी कोमट लागतं, आपल्या मुलांना तेच ठाऊक असतं. पोर्तुगालचा पश्चिम किनारा अटलांटिकच्या तोंडावर आहे. उन्हाळ्यात तिथे उत्तरेकडून जोराचा वारा वाहतो, वरचं पाणी तो बाहेर लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. त्यामुळे भर उन्हातही लिस्बनजवळचा समुद्र 17-18 अंशांवर असतो. ज्या मुलाचे स्नायू आधीच ताठ आहेत, त्याच्या पायांना असं पाणी लागलं की ते कात्रीसारखे एकमेकांवर घट्ट चढतात, आणि मजा मिनिटभरात संपते. यासाठी देशाच्या दक्षिण टोकाचा आल्गार्व प्रांत निवडा, आणि त्यातही स्पेनच्या सीमेकडचा पूर्वेचा भाग. ताविरा, मांता रोता, मोंत गोर्दो ही गावं त्या पट्ट्यात येतात. इथे जूनमध्ये पाणी 20 अंशांच्या आसपास असतं आणि ऑगस्टमध्ये आणखी दोन-तीन अंशांनी चढतं. कोकणाच्या मानाने हेही गारच, म्हणून मुलासाठी अंगभर बसणारा जाडसर पोहण्याचा सूट घ्या. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे.

पूर्वेकडचा हा भाग निवडायचं दुसरं कारण जमिनीचं. जाहिरातींतून दिसणारे आल्गार्वचे सोनेरी कडे, गुहा आणि कमानी आहेत त्या मधल्या आणि पश्चिमेच्या भागात. मारिन्या किंवा लागोसजवळचा दोना आना हे किनारे देखणे आहेत, पण तिथे उतरायला कड्यातल्या लांबलचक पायऱ्या आहेत. ते कडे ठिसूळही आहेत. 2009 च्या ऑगस्टमध्ये अल्बुफेराजवळच्या एका किनाऱ्यावर कडा कोसळून पाच माणसं गेली. आपलं मूल चटकन उठून पळू शकत नसेल, तर कड्याच्या सावलीत अंथरूण घालायचंच नाही, कितीही गारवा वाटला तरी. मोंत गोर्दोला कडे नाहीत. गाव सपाट, किनाऱ्यालगतचा फिरण्याचा रस्ता सपाट आणि वाळूवरून गेलेले लाकडी मार्ग लांबवर पसरलेले. आई एका हाताने खुर्ची ढकलते आहे आणि दुसऱ्या हातात आइस्क्रीम आहे, असं चालणं तिथे होऊ शकतं. तुम्ही किती दिवसांत असं चालला नाहीत, ते तुमचं तुम्हालाच माहीत.

भरती-ओहोटीचं गणितही आधी करा. आल्गार्वला उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी तीन मीटरच्या आसपास वरखाली होते. सपाट किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी लाकडी मार्ग संपतो आणि पाणी बरंच लांब राहतं. मग मधला ओल्या वाळूचा पट्टा तुमच्या पाठीवर येतो. म्हणून दोन वेळा जुळवायच्या: मदतनीस हजर असण्याची आणि भरतीची. काही ठिकाणी खुर्चीसाठी आधी नाव नोंदवावं लागतं, ते तिथल्या नगरपालिकेला ईमेल पाठवून विचारून घ्या. खुर्चीला डोक्याचा आधार आहे का, हेही विचारा. नसेल तर मानेला आधार देणारा मुलाचा नेहमीचा पट्टा बरोबर घ्या. एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. मूल घसरेल या भीतीने त्याला ओढणीने किंवा घरच्या पट्ट्याने खुर्चीला बांधू नका. पाण्यात खुर्ची कलंडली तर क्षणात सुटेल असाच पट्टा हवा, आणि असं बांधायचं की नाही हे तिथल्या मदतनिसाने ठरवायचं. फिट येणाऱ्या मुलापासून पाण्यात हातभरापेक्षा लांब जायचं नाही, पाणी गुडघ्याएवढं असलं तरी.

किनाऱ्यावरचे झेंडे मुलांना शिकवा, त्यांना ते आवडतं. हिरवा असेल तर पोहायचं, पिवळा असेल तर काठावर पाय भिजवायचे, लाल असेल तर पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. ज्यांना रंग ओळखता येत नाहीत, त्यांच्यासाठी मिगेल नेव्हा या पोर्तुगीज डिझायनरने रंगांची एक चिन्हलिपी तयार केली आहे. पोर्तो शहराच्या मेट्रोच्या नकाशावर ती वापरतात. रंगांधळेपणा असलेल्या मुलाला ती दाखवाल तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

लिस्बनबद्दल थोडं. ते शहर टेकड्यांवर वसलेलं आहे आणि पदपथ छोट्या चुनखडी दगडांचे. डोळ्यांना सुंदर, चाकांना अवघड. जुनी पिवळी 28 नंबरची ट्राम सगळ्यांना चढायची असते, पण तिला उंच पायऱ्या आहेत, व्हीलचेअर आत जात नाही. म्हणून मुक्काम जुन्या शहरात करू नका. 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी नदीकाठी वसवलेली पार्क दास नासोएस ही वस्ती निवडा. ती नवी आहे, सपाट आहे. विमानतळावरून तिथवर मेट्रोची लाल मार्गिका जाते, ओरिएंते हे स्टेशन तिसरं येतं आणि तिथे लिफ्ट आहे. त्याच स्टेशनवरून पुढे आल्गार्वमधल्या फारोला जाणारी आगगाडी मिळते. जवळच ओशनारियो हे मत्स्यालय आहे. त्याच्या मधल्या टाकीत 50 लाख लिटर पाणी आहे आणि तिच्याभोवती दोन मजल्यांवरून फिरता येतं. व्हीलचेअरवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोरून तिथे शार्क मासा जातो, कोणी उचलून दाखवावा लागत नाही. ऑटिझम असलेल्या मुलाला घेऊन सकाळी उघडताच जा, अंधुक उजेडात आणि कमी गर्दीत तो तिथे तासभर रमेल.

लिस्बनच्याच बेलें भागात जायचं तर 15 नंबरची ट्राम बघा, तिच्यावर खालच्या पातळीच्या नव्या लांब गाड्याही धावतात. तशी गाडी येईपर्यंत थांबा. तिथल्या जेरोनिमस मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, सहावी-सातवीतल्या मुलाला इतिहासाच्या पुस्तकातलं नाव तिथे दगडात भेटतं. बेलेंचा बुरूज मात्र बाहेरूनच पाहायचा, आत अरुंद गोल जिना आहे. नदीकाठचा मॅट हा 2016 मध्ये उघडलेला संग्रहालयाचा भाग बघाच. त्याच्या छपरावर उताराने चढत जाता येतं, आणि वरून नदी दिसते. बाकीचं लिस्बन राहिलं तर राहू द्या. दोन दिवसांत शहर संपवायचं आणि मग समुद्रावर दमून पोचायचं, असा बेत मुलांच्या अंगाला मानवत नाही.

फारोपर्यंत आगगाडीला साधारण तीन तास लागतात. रेल्वेची अपंगांसाठी मदतीची सेवा आहे, पण ती आधी कळवून मागावी लागते. तिकीट काढतानाच ती मागा. फारोहून पुढे टॅक्सी करा. पैसे थोडे जास्त जातील, पण शेवटच्या टप्प्यात सामान, खुर्ची आणि झोपाळलेलं मूल घेऊन गाड्या बदलायला नकोत.

आता विमानाकडे येऊ, कारण तुमची निम्मी धास्ती तिथे असते. मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही, मध्ये एकदा बदलावं लागतं. बदलायला किमान तीन तास ठेवा, कारण व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात. मदत हवी हे सुटण्याच्या 48 तास आधी कळवायचं, आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या नियमांत आणि युरोपच्या 2006 च्या 1107 क्रमांकाच्या नियमातही हीच मुदत आहे. त्या युरोपीय नियमानुसार मदतीचे पैसे घेता येत नाहीत आणि चालण्या-फिरण्याची दोन साधनं मोफत न्यावी लागतात. कळवताना नेमकं सांगा. विमान कंपन्यांच्या भाषेत तीन खुणा असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढेल पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत उचलून न्यावं लागेल. नुसतं "व्हीलचेअर हवी" म्हटलं तर पहिली खूण लागते, आणि मग तुमच्या मुलाला शिडीच्या पायथ्याशी थांबवतात.

स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्या आणि उतरल्यावर दारातच परत मागा. निघताना तिचे चारही बाजूंनी फोटो काढा. गादी, पायटेकू, जॉयस्टिक, जे जे निघतं ते काढून केबिनमध्ये ठेवा. विजेवरची खुर्ची असेल तर बॅटरी कोणती आणि किती वॉट-अवरची, ते कागदावर हवं. काढता येणारी लिथियम बॅटरी असेल तर 300 वॉट-अवरपर्यंत एक, किंवा 160 च्या दोन चालतात. खुर्ची मोडली तर आंतरराष्ट्रीय करारानुसार विमान कंपनीची जबाबदारी सध्या 1,519 एसडीआरपर्यंत (हे आंतरराष्ट्रीय हिशेबाचं एकक), म्हणजे रुपयांत दोन लाखांच्या आतबाहेर असते. खुर्ची त्याहून महाग असेल, तर चेक-इनच्या वेळी तिची किंमत लेखी जाहीर करता येते. वेगळा विमाही काढा.

व्हिसाचं लवकर उरकते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, त्यात मुलाचा जुना आजार धरला आहे का ते वाचून बघा. बारा वर्षांपुढच्या मुलाला बोटांचे ठसे द्यायला जावं लागतं. हात घट्ट मिटलेल्या मुलासाठी व्हिसा केंद्राला आधी सांगून शांत वेळ मागून घ्या.

हॉटेल निवडताना मी म्हणेन, टेप घेऊन बसा. आधी स्वतःच्या घरात मोजा. खुर्चीची सर्वांत रुंद जागा किती सेंटिमीटर? हात धरून ढकलताना कोपरांसाठी किती? पलंगाची कोणती उंची तुमच्या कमरेला सोसते? मग हॉटेलला लिहा. "सोय आहे का?" असं विचारलंत तर सगळे "आहे" म्हणतात. म्हणून विचारा: बाथरूमचं दार उघडल्यावर मोकळी जागा किती सेंटिमीटर, शॉवरला उंबरा आहे का, कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला किती जागा, लिफ्टची खोली किती, पलंगाखाली मोकळं आहे का. पोर्तुगालच्या 2006 च्या सुगम्यतेच्या कायद्यात दाराची मोकळी रुंदी किमान 77 सेंटिमीटर धरली आहे, पण जुन्या इमारतींत ती सापडेलच असं नाही. बाथरूमचा फोटो मागवा, आणि फोटो पाठवायला जे हॉटेल कंटाळतं ते सोडून द्या. मोठ्या मुलाचं डायपर बदलायला लागेल एवढं टेबल सार्वजनिक ठिकाणी क्वचितच मिळतं. म्हणून घडीची चटई बरोबर ठेवा आणि खोली किनाऱ्यापासून इतक्या जवळ घ्या की दुपारी सहज परत येता येईल.

दुपारी परत यायचंच आहे. तिथे जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो. म्हणजे 12 ते 4 खोलीत झोप आणि पाचनंतर समुद्र असा दिवस आखला, तरी चार तास उजेड हाती राहतो. फिट्ससाठी टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असलेल्या मुलांना घाम कमी येतो आणि अंग तापतं, हे पुष्कळ आईबाबांना कोणी सांगितलेलं नसतं. अशा मुलाच्या डोक्यावर ओला पंचा, सावली आणि सतत पाणी हवं, आणि निघण्याआधी डॉक्टरांशी बोलणं हवं. स्पायना बिफिडा असलेल्या मुलाला पायाखालचं तापलेलं लाकूड जाणवत नाही, तळवे पोळले तरी ते रडत नाही. त्याच्या पायांत बूट असू द्या. त्यातल्या अनेकांना लेटेक्सची ॲलर्जी असते, म्हणून रबरी टोपी आणि फुगेही टाळा. पायाच्या स्प्लिंटमध्ये गेलेली वाळू कातडी सोलते. पाण्यातून आल्यावर पाय धुऊन, कोरडे करून मगच ते घाला. खुर्चीही रोज गोड्या पाण्याने धुवा, मिठाने बेअरिंग जातात.

औषधं सगळी हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह. मुलासाठी लागणाऱ्या पातळ औषधाला 100 मिलिलिटरची मर्यादा नसते, फक्त तपासणीच्या वेळी ते दाखवावं लागतं. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. गोळीची वेळ कशी सरकवायची, याचा तक्ता डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. अडचण आली तर 112 हा क्रमांक.

खाऊचं एक माहीत असू द्या: युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. औषधी आहार म्हणून लागणारी, फ्रिज न लागणारी, न उघडलेली पाकिटं मात्र माणशी 2 किलोपर्यंत नेता येतात, त्यासाठीही पत्र हवं. मेतकूट, भाजणी, पोहे खुशाल न्या. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या म्हणजे ज्याला पातळ मऊ भातच लागतो, त्याचं पोट सांभाळलं जाईल. तिथली उपाहारगृहं रात्री साडेसातच्या आधी फारशी उघडत नाहीत, आपल्या मुलांना भूक मात्र सहालाच लागते.

ऑटिझम असलेल्या मुलासाठी तयारी घरीच सुरू होते. महिनाभर आधीपासून फोटोंची वही करा: विमानतळाचं दार, पट्टा, खुर्ची, हॉटेलची खोली, तीच लाकडी वाट. रोज रात्री ती उलटा. पोर्तुगालमध्ये 2016 च्या कायद्याने अपंग, वृद्ध, गर्भवती आणि तान्ह्या बाळाबरोबरच्या माणसांना कार्यालयांत आणि दुकानांत आधी सेवा द्यायची असते. त्यामुळे पुढे जाऊन सांगायला संकोच करू नका, तिथल्या लोकांना त्याची सवय आहे. अपंगत्व वरून दिसत नसेल तर सूर्यफुलाची हिरवी फीत गळ्यात घालायची पद्धत 2016 मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, आता जगातले अनेक विमानतळ ती ओळखतात. आपण ज्या विमानतळांवरून जाणार तिथे ती मिळते का, ते विचारून घ्या.

आणि धाकटीचं काय? जिला सगळीकडे "थांब जरा, दादाचं होऊ दे" ऐकावं लागतं, तिचा एक दिवस आधीच ठरवून ठेवा. त्या दिवशी बाबा तिला घेऊन ताविराच्या बेटावर होडीने जाईल आणि आई दादाजवळ राहील. दुसऱ्या दिवशी उलट. एका संध्याकाळी आजी दोघांना सांभाळेल आणि तुम्ही दोघं किनाऱ्यावर नुसते बसाल. आजीला नेताना कचरू नका, ज्या वाटेवरून नातवाची खुर्ची जाते त्याच वाटेवरून तिचे दुखरे गुडघेही जातात. तुमच्या विश्रांतीचा तास बेतात लिहिलेला नसेल, तर तो मिळत नाही. मी इतक्या आयांच्या पाठी आणि खांदे बघितले आहेत, की हा तास मी मुलाच्या औषधाइतकाच आवश्यक मानते.

एवढ्या लांब जाण्याआधी हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवार-रविवारी अलिबाग, मुरूड किंवा गुहागरला जाऊन या. तिथे लाकडी वाट मिळणार नाही, दोघांनी मिळून उचलावं लागेल. पण वाळू अंगाला लागलेली चालते का, लाटेच्या आवाजाने कान झाकतो का, ओले कपडे किती वेळ सोसतात, हे तिथे कळतं आणि पिशवीत काय काय हवं ते ठरतं. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर 2022 च्या नोव्हेंबरमध्ये पाण्याजवळ नेणारा लाकडी मार्ग बांधला गेला. थोड्याच दिवसांत वादळाने त्याचं नुकसान केलं, तरी आपल्या देशात हे करता येतं हे लोकांनी पाहिलं. पणजीत 2023 च्या जानेवारीत अपंग व्यक्तींचा पर्पल फेस्ट भरला, तेव्हापासून गोव्यातही ही बोलणी वाढली आहेत. परत आल्यावर तुमचे फोटो आणि तुमच्या वहीतली मापं आपल्याकडच्या नगरपालिकांना, पर्यटन खात्याला दाखवा. वाळूवर फळ्या टाकायला काय लागतं, हे तुम्ही तेव्हा स्वतः पाहिलेलं असेल.

ती वही मलाही द्या. कोणत्या हॉटेलचं दार किती सेंटिमीटरचं निघालं, कोणत्या किनाऱ्यावर मदतनीस किती वाजता आले, कोणता टॅक्सीवाला खुर्ची नीट घडी घालून ठेवतो, हे पुढच्या जूनमध्ये निघणाऱ्या आईबाबांना हवं आहे.